पेट्रोलच्या टाकीचे अस्तर

मोटारसायकलची पेट्रोल टाकी बाहेरून कितीही चकचकीत असली तरी तिचे आयुष्य आतला पत्रा ठरवतो. हा पत्रा साधारण पाऊण ते एक मिलिमीटर जाडीचा असतो. तो आतून गंजला की दोन प्रकारे नुकसान होते. गंजाची बारीक पूड पेट्रोलबरोबर कॉकमधून कार्बोरेटरपर्यंत जाऊन जेट बुजवते, आणि पुढे काही वर्षांनी तळाला सुईच्या अग्राएवढी छिद्रे पडून पेट्रोल थेट तापलेल्या इंजिनावर ठिबकू लागते. त्यावर उपाय म्हणून टाकी उतरवून आतून धुतात, गंज काढतात आणि पेट्रोलला दाद न देणारा एक अखंड थर तिच्या आतल्या सगळ्या पृष्ठभागावर चढवतात. गॅरेजच्या भाषेत याला टाकीला आतून कोटिंग करणे किंवा लायनिंग मारणे म्हणतात. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, पुंडलिकनगरसारख्या कामगार वस्तीत दारोदारी दुचाकी उभी असते, त्यामुळे हे काम तिथल्या माणसांना परके नाही. वरवर पाहता हा धातूचा आणि रसायनांचा इतिहास आहे. प्रत्यक्षात त्याला जवळजवळ प्रत्येक वळण टाकीत भरल्या जाणाऱ्या इंधनाने दिले.

आधी पाण्याचा हिशेब समजून घ्यायला हवा, कारण निव्वळ पेट्रोलने लोखंड गंजत नाही. टाकी अर्धी रिकामी असेल तर उरलेल्या जागेत हवा असते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात दुपारी पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा ही हवा आणि पेट्रोलची वाफ फुगून झाकणाच्या बारीक छिद्रातून बाहेर पडते. रात्री टाकी थंडावली की बाहेरची हवा आत ओढली जाते. पावसाळ्यात हीच हवा दमट असते आणि थंड पत्र्यावर तिचे दव धरते. झाकणाचे रबर कडक झालेले असेल तर पावसाचे पाणीही उतरते. पेट्रोलची घनता पाण्याच्या सुमारे तीन चतुर्थांश, म्हणून आलेले पाणी तळाशी बसते. मोटारसायकलची टाकी सांगाड्याच्या नळीवर दोन्ही बाजूंनी बसवलेली असते. तिच्या तळाला दोन खोलगट कप्पे पडतात आणि पुष्कळ गाड्यांत त्यांचा काही भाग कॉकच्या तोंडापेक्षा खाली राहतो. तिथले चमचाभर पाणी इंजिनाकडे जातही नाही आणि सुकतही नाही. पिनहोल बहुधा तिथेच पडते.

धातूच्या भांड्याला आतून दुसऱ्या धातूचा थर देण्याची विद्या मराठी मुलखात मोटारीच्या कितीतरी आधीची आहे. औरंगाबादच्या जुन्या शहरातला कासारी बाजार तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या व्यापाराची आठवण नावातच ठेवून आहे. अशा भांड्यांत आंबट पदार्थ कळकू नये म्हणून त्यांना कल्हई लावत. कल्हईवाला भाता चालवून भांडे तापवी, त्यावर नवसागराची पूड टाकी, पांढरा धूर उसळला की कथलाची कांडी टेकवून वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने भरभर सगळीकडे पसरवी. कथील २३२ अंश सेल्सियसला वितळते, म्हणजे साध्या कोळशाच्या भट्टीवर हे काम होते. नवसागर तापला की त्यातून आम्ल सुटते आणि तांब्यावरची काजळी व ऑक्साइड खाऊन टाकते. निर्मळ धातू उघडा पडतो त्या क्षणीच कथील त्याला धरते. मळलेल्या भांड्याला कल्हई बसत नाही, ही गोष्ट या धंद्यात पोरवयातच शिकवली जाई. टाकीच्या आतल्या अस्तराचे सारे यश आजही याच एका गोष्टीवर अवलंबून आहे, मग अस्तर कथलाचे असो की इपॉक्सीचे.

कल्हईच्या शेजारचा दुसरा धंदा डबे करणाऱ्यांचा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रॉकेल आणि पेट्रोल चार गॅलनच्या, म्हणजे सुमारे अठरा लिटरच्या चौकोनी डब्यांतून गावोगाव जाई. हे डबे कथील चढवलेल्या लोखंडी पत्र्याचे. रिकामा डबा फेकून देण्याची वस्तू नव्हती. पत्रेकाम करणारे कारागीर तो कापून, सांध्यांना कथील-शिशाची झाळ देऊन त्यातून पाण्याचे डबे, नरसाळी, दिवे, मापे, कोठ्या बनवत. औरंगाबाद तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. संस्थानात १९३२ मध्ये निजाम राज्य रेल्वेने प्रवासी बस सुरू केल्या आणि खासगी मोटारीही वाढत गेल्या. त्या काळातल्या मोटारसायकलींच्या चपट्या टाक्याही अशाच पत्र्याच्या आणि झाळलेल्या सांध्यांच्या असत. १९२०च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश बनावटीच्या गाड्यांत सांगाड्यावर खोगिरासारखी बसणारी टाकी रूढ झाली, पण कथील-शिशाशी तिचे नाते सुटले नाही. डबा झाळणाऱ्याला टाकीही झाळता येई. दोन्हींचा पत्रा आणि दोन्हींची झाळ एकाच जातीची होती.

मोठ्या कारखान्यांनी पुढे टाक्यांसाठी टर्न पत्रा वापरला. टर्न म्हणजे मुख्यतः शिसे आणि थोडे कथील यांच्या मिश्रणाचा थर दिलेले पोलाद. शिसे स्वस्त आहे, पेट्रोल त्याचे काही बिघडवत नाही, ते मऊ असल्याने पत्रा साच्यात दाबताना थर फाटत नाही, आणि त्यावर झाळ सहज बसते. टाकीच्या पत्र्याला याहून सोयीचा थर त्या काळात दुसरा नव्हता. त्याचे दुखणे एकच, पण मूलगामी. जस्त लोखंडाला वाचवण्यासाठी स्वतः झिजते. कथील आणि शिसे तसे करत नाहीत. थर अखंड आहे तोवर लोखंड सुरक्षित. त्याला कुठे ओरखडा गेला आणि तिथे पाणी पोचले की उलटा प्रकार होतो. उघडे पडलेले टीचभर लोखंड आजूबाजूच्या सगळ्या थराच्या वाटचे झिजू लागते आणि गंज पसरण्याऐवजी सरळ खोल जातो. बाहेरून ठणठणीत दिसणाऱ्या जुन्या टाकीला एखाद्याच जागी आरपार छिद्र का पडते, याचे हे एक उत्तर आहे. शिशाच्या विषारीपणामुळे पुढे टर्न मागे पडला. युरोपीय संघाच्या २००० सालच्या निर्देशाने मोटारींतले शिसे हटवायला लावले आणि जगभर जस्त-निकेलसारख्या शिसेमुक्त थरांकडे कल वाढला.

स्वातंत्र्यानंतर भारतात मोटारसायकली बनू लागल्या. मद्रासला १९५५ पासून एनफिल्डची बुलेट, १९६०च्या दशकाच्या आरंभी म्हैसूरला आयडियल जावा, आणि त्याच सुमारास एस्कॉर्ट्सची राजदूत. महाराष्ट्रात पुण्याजवळ बजाजच्या स्कूटर, १९७२ मध्ये चेतक आणि त्याच वर्षी कायनेटिकची लूना. बुलेट सोडली तर ही सगळी मंडळी दोन-स्ट्रोकची, आणि टाकीच्या दृष्टीने ही बाब फार मोलाची होती. या इंजिनांना वंगण वेगळे मिळत नसे. पेट्रोलमध्येच लिटरला वीस ते चाळीस मिलिलिटर ऑइल मिसळावे लागे. पंपावर पेट्रोलबरोबर ऑइलचे माप घ्यायचे आणि गाडी हलवून मिसळायचे, ही त्या पिढीची सवय होती. पेट्रोल खाली उतरत जाई तसा टाकीच्या भिंतींवर या तेलाचा ओशट थर मागे राही आणि दव पत्र्याला भिडत नसे. टाकी रंगाने खराब होई, डेंट पडत, पण आतून ती बऱ्यापैकी टिके. कुणीही मुद्दाम न लावलेले, प्रत्येक वेळी पेट्रोल भरताना आपोआप नवे होणारे असे हे अस्तर होते. त्याची किंमत ते गेल्यावर कळली.

तरीही टाक्या गळतच. थरथरीने कंसाजवळचा पत्रा तडके, सांध्याची झाळ सुटे, अपघातात घडी पडे. रस्त्यावरचा पहिला उपाय अंगाच्या साबणाचा. ओला न करता साबणाची वडी गळतीवर घासली की ठिबकणे थांबे, कारण साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. जुने मेकॅनिक नळ्यांच्या सांध्यांना लाखही वापरत. सुतार स्पिरिटमध्ये लाख विरघळवून पॉलिश करतात. तीच लाख पेट्रोलला मात्र जुमानत नाही. साबण आणि लाख हे दोन्ही उपाय पेट्रोल हे निव्वळ पेट्रोल आहे या गृहीतावर उभे होते. ते गृहीत पुढे कोसळायचे होते.

पक्क्या दुरुस्तीसाठी टाकी झाळणाऱ्याकडे किंवा गॅस वेल्डिंगवाल्याकडे जाई. ट्रकचे तांब्या-पितळेचे रेडिएटर झाळणाऱ्यांच्या हातात हे कौशल्य उपजत असल्यासारखे होते आणि टाकीच्या गळतीचे बरेचसे काम त्यांच्याकडेच वळे. झाळीसाठी दोनशे अंशांच्या आसपास उष्णता पुरते. पितळ मारायचे, म्हणजे ब्रेझिंग करायचे, तर गॅसची ज्योत लागते, आणि इथे या धंद्याचा सर्वात मोठा धोका आहे. पेट्रोलची वाफ उणे चाळीस अंशांच्या सुमारासही पेट घेण्याइतकी सुटते. हवेत तिचे प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के झाले की मिश्रण स्फोटक होते. काठोकाठ भरलेल्या टाकीत हवाच नसते. रिकामी करून वास तेवढा उरलेली टाकी मात्र नेमकी त्या प्रमाणात येते. टाकी झाळताना फुटून कारागीर भाजल्याच्या, प्राणास मुकल्याच्या घटना या व्यवसायाने पाहिल्या आहेत. म्हणून जाणता कारागीर टाकी सोड्याच्या गरम पाण्याने पुन्हा पुन्हा धुतो, मग दुरुस्तीची जागा सर्वात वर येईल अशी ती ठेवून त्या जागेच्या जरा खालपर्यंत पाण्याने भरतो आणि झाकण उघडे ठेवूनच ज्योत लावतो. हा नियम शंभर वेळा पाळून एकदा चुकला तरी तो पाळला असे म्हणता येत नाही. आतून ओतायच्या अस्तराचा मोठा गुण इथेच आहे: त्याला ज्योत लागत नाही.

औरंगाबादचे रूप बदलले ते औद्योगिक वसाहतींमुळे. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. रेल्वे स्टेशन परिसर आणि चिकलठाणा इथे कारखाने आले, १९७०च्या दशकात सिडकोने नवे शहर आखायला घेतले, १९८२ मध्ये महानगरपालिका झाली आणि १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. त्याला सुटे भाग पुरवणारे लहानमोठे कारखाने आजूबाजूला उभे राहिले. शहराची लोकसंख्या १९९१ च्या जनगणनेत पावणेसहा लाखांच्या घरात होती. २०११ मध्ये ती पावणेबारा लाखांजवळ गेली. गारखेडा आणि मुकुंदवाडीच्या दरम्यानची पुंडलिकनगर, हनुमाननगर, जयभवानीनगर ही वस्ती याच लोंढ्यात वाढली. लहान प्लॉट, अरुंद गल्ल्या, खेड्यातून आलेली कामगार कुटुंबे. चिकलठाणा जवळ, पण वाळूज शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. पाळी रात्रीची असो की पहाटेची, मोटारसायकल ही इथे हौसेची वस्तू नव्हती. तिच्यावर हजेरी अवलंबून होती. गाडी बंद पडली की खाडा पडे. घराला लागून असलेल्या गाळ्यातले गॅरेज अशा वस्तीला किराणा दुकानाइतकेच लागते. शिवाय पत्रा दाबणे, शिवण-वेल्डिंग, आम्लाने पत्रा धुणे, फॉस्फेट चढवणे, पावडर कोटिंग ही कामे इथल्या माणसांनी कारखान्यांत रोजंदारीने केलेली. पत्रा रंगवण्याआधी तो रसायनात बुडवून तयार करावा लागतो, हे ज्ञान या शहरात पुस्तकातून आले नाही.

फॉस्फेट चढवणे ही कल्पना मुळात इंग्लंडची. टॉमस वॉट्स कॉस्लेट यांनी १९०६ मध्ये लोखंडाला गरम फॉस्फोरिक आम्लाच्या द्रावात ठेवून गंजरोधक थर देण्याचे पेटंट घेतले. आम्ल लोखंडाशी संयोग पावून राखाडी रंगाचा आयर्न फॉस्फेटचा थर बनवते. हा थर एकटा फार काळ संरक्षण देत नाही, पण वरून येणाऱ्या रंगाला तो घट्ट पकड देतो. आजच्या टाकी-अस्तराची निम्मी पद्धत याच शोधावर उभी आहे.

वाळूजला कारखाना आला त्याच १९८०च्या दशकात दुचाकीचे इंजिनही बदलत होते. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली. चार-स्ट्रोकचे इंजिन, ऑइल वेगळ्या कप्प्यात, टाकीत फक्त पेट्रोल. १९९१ मध्ये बजाजनेही कावासाकीच्या साथीने फोर-एस चॅम्पियन आणली, आणि २००० नंतर प्रदूषणाचे निकष कडक होत गेले तसे दोन-स्ट्रोक रस्त्यावरून ओसरले. मायलेज वाढले, धूर गेला. टाकीतला तेलाचा थरही गेला. जस्त किंवा फॉस्फेटचा कारखान्यातला थर जिथे पातळ पडला किंवा झिजला तिथे गंजाला आता अडवणारे काही नव्हते. जास्त मायलेजचा आणखी एक परिणाम झाला: टाकी काठोकाठ भरण्याची गरज कमी झाली. पन्नास-शंभर रुपयांचे पेट्रोल टाकून चालणाऱ्या गाडीत टाकीचा मोठा भाग कायम रिकामा आणि दमट हवेने भरलेला राहतो.

अस्तराचे साहित्य आले ते सर्वस्वी वेगळ्या दिशेने. अमेरिकेत १९२०च्या दशकात जोसेफ पॅट्रिक यांना पॉलिसल्फाइड रबर गवसले. त्याचा वास असह्य होता, पण पेट्रोलचा त्यावर परिणाम होत नसे. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या पंखाची पोकळीच इंधनाची टाकी म्हणून वापरायची तर हजारो रिव्हेटांच्या सांध्यांतून गळती रोखणे भाग होते. ते काम या रबराने केले. द्रव लेप टाकीत ओतून ती सर्व बाजूंनी फिरवायची आणि उरलेला लेप काढून घ्यायचा, ही रीतही विमानाच्या टाक्यांसाठी रूढ झाली. मोटारसायकलच्या टाकीत हात जात नाही, ब्रश जात नाही, आतले दिसतही नाही. तिला हीच रीत चालते. दरम्यान स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्टान यांनी १९३०च्या दशकात इपॉक्सी रेझिनवर काम केले आणि १९४६ मध्ये सिबा कंपनीने अॅरल्डाइट बाजारात आणले. भारतात अॅरल्डाइटच्या दोन ट्यूबा आणि एम-सीलच्या दोन रंगी कांड्या घराघरांत पोचल्या. एम-सील हे महिंद्रा समूहातले नाव २००० मध्ये पिडिलाइटकडे गेले. पिनहोलवर बाहेरून एम-सील थापणे हा साबणाच्या पुढचा टप्पा झाला. तो फार दिवस टिकत नाही. पेट्रोलचा दाब आतून असतो. ते छिद्रातून लेपाच्या मागे झिरपते आणि पोपडा सुटतो. छिद्र आतून बुजवले तर पेट्रोलचे वजनच लेपाला पत्र्यावर दाबून धरते. बाहेरून आत हा बदल लहान दिसतो, पण या धंद्याच्या इतिहासात त्याचे मोल मोठे आहे.

आज रूढ असलेली रीत अशी. टाकी उतरवून कॉक, झाकण आणि तरंगकाटा काढतात. धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने आतला ओशटपणा आणि जुन्या पेट्रोलचा चिकट राप काढतात. इथे एक विपरीत गोष्ट घडते: दोन-स्ट्रोक गाडीच्या टाकीला ज्या तेलाने वर्षानुवर्षे वाचवले, तेच तेल आता शत्रू ठरते, कारण त्याचा अंशही उरला तर अस्तर धरत नाही. राजदूत आणि आयडियल जावाच्या येझदी यांच्या टाक्या म्हणूनच जास्त वेळा धुवाव्या लागतात. मग मूठभर नट, बारीक साखळी किंवा खडी आत टाकून टाकी गोणपाटात गुंडाळतात आणि सर्व बाजूंना हलवतात. सुटा गंज पडला की आम्लाची पाळी. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे हायड्रोक्लोरिक आम्ल झपाट्याने गंज खाते, पण पत्राही खाते आणि मागे राहिलेले क्लोराइड नव्या गंजाला निमंत्रण देते. फॉस्फोरिक आम्लाला वेळ लागतो, मात्र ते जाताना फॉस्फेटचा थर ठेवून जाते. घाई नसलेल्याने तेच वापरावे. काही जण सोड्याच्या पाण्यात लोखंडी सळई टांगून बॅटरी चार्जरच्या प्रवाहाने गंज सोडवतात. यात पत्रा झिजत नाही, पण हायड्रोजन सुटतो आणि ते काम उघड्यावरच करावे लागते.

आम्ल धुऊन काढल्यावरची काही मिनिटे निर्णायक. उघडा झालेला ओला पत्रा बघता बघता पुन्हा तांबूस होतो. त्यामुळे सोड्याच्या पाण्याने आम्ल मारून, लगेच स्पिरिटने पाणी ओढून घेऊन, गरम हवेने टाकी कोरडी करतात. संभाजीनगरच्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात हे सहज साधते. पावसाळ्यात केलेले काम त्यामुळेच अधिक वेळा वाया जाते. कॉकच्या आट्यांत ग्रीस लावलेला बोल्ट घट्ट बसवतात, हवेचे छिद्र झाकतात आणि दोन भाग मिसळलेला लेप आत ओततात. दहा-बारा लिटरच्या टाकीला पाव ते अर्धा लिटर लेप पुरतो. टाकी हळूहळू प्रत्येक अंगावर फिरवत राहायची, कप्प्यांचे कोपरे आणि झाकणाच्या गळ्याखालची बाजू चुकवायची नाही. सर्वात महत्त्वाचे म्हणजे उरलेला लेप पूर्ण ओतून काढायचा. तळाशी राहिलेले थारोळे वरून घट्ट होते, आतून कच्चे राहते आणि पुढे सोलून निघते. मग काही दिवस टाकी उघडी ठेवून लेप पक्का होऊ द्यायचा. गाडीवाल्याची घाई आणि कामगाराचा खाडा यांच्यामुळे नेमकी हीच पायरी आखडती घेतली जाते. कच्च्या अस्तरावर पेट्रोल पडले की त्याचे पापुद्रे सुटतात, ते कॉकच्या जाळीवर बसतात आणि मूळच्या गंजापेक्षा मोठा त्रास देतात. सुटलेले अस्तर काढणे हे नवे लावण्याच्या कितीतरी पट कष्टाचे काम. टाकीला रंग द्यायचा असेल तर तो नंतर, कारण गळ्यावरून ओघळलेले आम्ल बाहेरचा रंग टिकू देत नाही.

मोठे छिद्र लेपाने बुजत नाही. सडलेला पत्रा कापून तिथे नवा तुकडा ब्रेझिंगने बसवावा लागतो आणि अस्तर त्यानंतर येते. केवळ लेपाच्या भरवशावर चाळणी झालेली टाकी चालवणे धोक्याचे आहे. लेप गळती रोखतो, पत्र्याची ताकद परत आणत नाही.

इतके सगळे बसत असताना इंधनच बदलले. पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळणे भारताला अगदी नवे नव्हते. त्यासाठी १९४८ मध्ये इंडियन पॉवर अल्कोहोल अॅक्टही झाला होता. पण आताच्या पर्वाची सुरुवात २००१ मध्ये झाली आणि ती या भागाच्या उंबरठ्यावर झाली. पाच टक्के इथेनॉल मिसळण्याचे प्रायोगिक प्रकल्प ज्या मोजक्या ठिकाणी सुरू झाले त्यांत महाराष्ट्रातले मिरज आणि मनमाड होते. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या तेल डेपोंतून मराठवाड्याला इंधन जाते. २००३ मध्ये महाराष्ट्रासह नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रण लागू झाले. २०१८ च्या जैवइंधन धोरणानंतर वेग वाढला. जून २०२२ मध्ये देशाने सरासरी दहा टक्क्यांचा टप्पा गाठला, फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल विक्रीला आले आणि २०२५ मध्ये ते देशभर सर्वसाधारण झाले. गोदाकाठच्या उसाची मळी अशा रीतीने शहरातल्या प्रत्येक टाकीत पोचली. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे स्वागतार्हच आहे. जुन्या टाकीच्या दृष्टीने प्रश्न निराळा.

इथेनॉल पाणी ओढून घेते. थोडे पाणी असेल तर ते इथेनॉलमध्ये मिसळून पेट्रोलबरोबर जळून जाते, हा फायदाच. पण मर्यादा ओलांडली की मिश्रण फुटते आणि पाणी व इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर धरतात. रोज चालणाऱ्या गाडीत हे क्वचित घडते, महिनोन् महिने उभ्या राहिलेल्या गाडीत घडू शकते. मार्च २०२० च्या टाळेबंदीने गाड्या दारात थिजून राहिल्या तेव्हा टाकीत उरलेल्या थोडक्या पेट्रोलाला नेमकी ही परिस्थिती मिळाली. दुसरे म्हणजे इथेनॉल हा उत्तम द्रावक आहे. जुना राप आणि चिकटून बसलेला गंज तो सोडवून कार्बोरेटरकडे पाठवतो. लाख त्यात विरघळते. स्पिरिटमध्ये विरघळणारे जुन्या प्रकारचे अस्तर त्यात मऊ पडून गिळगिळीत होते आणि सोलून येते. परदेशात हौशी विमाने बांधणाऱ्यांना आणि जुन्या मोटारसायकली जपणाऱ्यांना हा अनुभव आधीच आला होता. फायबर ग्लासच्या पॉलिएस्टर टाक्यांनी तर तिथे अक्षरशः दम तोडला. म्हणून आता इथेनॉलला टिकणारे फिनॉलिक जातीचे इपॉक्सी किंवा तशाच क्षमतेचे पॉलियुरेथेन निवडावे लागते. डब्यावर पेट्रोलरोधक एवढेच लिहिलेले असेल तर ते पुरेसे नाही.

एप्रिल २०२० मध्ये बीएस-सहा निकष आले आणि बहुतेक दुचाकींत कार्बोरेटरची जागा इंधन-इंजेक्शनने घेतली. बहुतेक गाड्यांत पेट्रोलचा पंप आता टाकीच्या आतच असतो आणि इंजेक्टरची छिद्रे जेटपेक्षाही सूक्ष्म. अशा टाकीत पापुद्रा सुटणे परवडत नाही. पंप काढल्यावर उघडी पडणारी मोठी कडा आणि तिचे रबरी सील अस्तर लावताना निर्लेप ठेवावे लागतात. रोजच्या वापरातल्या गाडीची नवी टाकी बाजारात मिळते, त्यामुळे तिथे बदलणे हाच मार्ग अधिक बरा. अस्तराचे काम उरले आहे ते मुख्यतः ज्यांच्या टाक्या आता कारखान्यात बनत नाहीत त्या गाड्यांपुरते: म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडल्यानंतर मागे राहिलेल्या येझदी, त्याच वर्षी थांबलेली यामाहा आरएक्स १००, राजदूत, जुनी बुलेट. यांतल्या येझदी आणि राजदूतच्या टाक्या पहिल्या मालकाच्या काळात ऑइलमिश्रित पेट्रोलने आतून माखलेल्या असत. आज त्या गाड्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर चालतात, आणि त्या नव्याने घेतलेल्या प्रत्येक मालकाने गाडी रंगाला देण्याआधी टाकीत विजेरी धरून आत पाहणे हे पहिले काम ठरते.